गप्प बसायचे ४८ तास: एका शॉर्ट फिल्मसाठी उकरून काढलेलं स्लोव्हाकियाचं प्रकरण

एक मैत्रीण शॉर्ट फिल्म करतेय, बारा-चौदा मिनिटांची, विषय निवडणूक आणि सोशल मीडियावर पसरणारं खोटं. मला स्क्रिप्ट वाचायला दिली. पहिलाच सीन म्हणजे अंधारी खोली, हुडी घातलेला पोरगा, तोंडावर मॉनिटरचा हिरवा उजेड, बोटं कीबोर्डवर टकाटक, आणि शेवटी तो एंटर दाबतो आणि आख्ख्या देशाचा निकाल फिरतो. मी म्हटलं बाई गं, हे इतक्यांदा बघितलंय की आता हसू येतं. ती म्हणाली, "नुसती नावं ठेवू नकोस, तूच दे मग एखादी खरी केस." म्हणून ही काढली. काढताना माझंच मत दोनदा फिरलं, त्यामुळे म्हटलं तिला तोंडी सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढू.

तर स्लोव्हाकिया, सप्टेंबर २०२३. देश छोटा, लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास. आधीचं सरकार डिसेंबर २०२२ मध्ये अविश्वास ठरावात पडलेलं, मे २०२३ पासून तज्ज्ञ मंडळींचं काळजीवाहू सरकार कसंबसं गाडा ओढत होतं, महागाईने लोक वैतागलेले, आणि शेजारी युक्रेनमध्ये युद्ध. मतदान ३० सप्टेंबरला, शनिवारी. एका बाजूला रॉबर्ट फित्सो आणि त्याचा स्मेर पक्ष. हा गडी आधी बरीच वर्षं पंतप्रधान होता, २०१८ मध्ये यान कुत्सियाक या पत्रकाराचा आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा खून झाला, लोक रस्त्यावर आले आणि याला खुर्ची सोडावी लागली. आता तो युक्रेनला शस्त्रं देणं बंद करू असं म्हणत परत मैदानात. समोर मिखाल शिमेच्का, प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचा तरुण नेता, उदारमतवादी, युरोपियन युनियनच्या बाजूचा. शेवटच्या दिवसांत दोघं जवळजवळ बरोबरीत धावत होते.

आणि मग मतदानाला दोन दिवस राहिले असताना फेसबुकवर एक ऑडिओ आला.

त्यात दोन आवाज. एक शिमेच्काचा वाटतो, दुसरा मोनिका टोडोवाचा, ही देन्निक एन या दैनिकाची नावाजलेली पत्रकार. दोघं बोलतायत की निवडणूक कशी मॅनेज करायची, आणि त्यात एक भाग असा की रोमा समाजाची, म्हणजे तिथल्या गरीब, उपेक्षित अल्पसंख्याकांची, मतं विकत घ्यायची. सगळं बनावट. दोघांनीही लगेच सांगितलं की आम्ही असं काही बोललेलोच नाही, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेच्या फॅक्टचेकवाल्यांनी तपासलं आणि म्हणाले की यात एआयने छेडछाड केल्याच्या खुणा दिसतायत.

इथवर कोणी म्हणेल यात काय विशेष, अशा क्लिपा रोज येतात. विशेष आहे तो दिवस.

स्लोव्हाकियात मतदानाच्या आधी ४८ तास प्रचारबंदी असते. प्रचाराच्या तोफा थंडावतात वगैरे जे आपण म्हणतो तेच, त्यामुळे प्रकार आपल्याला नवा नाही, पण तिथे ती बरीच मनावर घेतली जाते. या काळात पक्षांनी आणि मीडियाने गप्प बसणं अपेक्षित असतं. हेतू चांगला आहे, मतदाराला दोन दिवस शांतपणे विचार करू द्या, कानाशी भोंगे नकोत. आणि नेमका त्याच शांततेत हा ऑडिओ सोडला. म्हणजे आरोप करणारा बोलून मोकळा, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या तोंडाला कायद्याची पट्टी. टीव्हीवर जाऊन तासभर चिरफाड करावी तर ती बातमी की प्रचार, पेपरने पहिल्या पानावर छापावं तर तेच, आणि नाही छापलं तर लोक म्हणणार बघा, दाबलं. ट्रॅफिक सिग्नल फक्त एकाच बाजूच्या गाड्या पाळतायत असं चित्र डोळ्यासमोर आणा.

मैत्रिणीला मी हेच म्हटलं की तुझा व्हिलन तो पोरगा नाहीये, तुझा व्हिलन घड्याळ आहे. ती म्हणाली, "घड्याळाला डायलॉग काय देऊ?" ते तिचं तिने बघावं.

आता त्यात परत फेसबुकची गंमत. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिचा बनावट मीडियाबद्दलचा नियम २०२० मध्ये लिहिलेला, त्या काळी सगळ्यांना भीती व्हिडिओची होती, कोणाचं तरी तोंड हलवून भलतंच वदवून घेतील याची. त्यामुळे नियमात एआयने बदललेला व्हिडिओ काढायचा असं होतं, नुसता ऑडिओ त्यात बसतच नव्हता. म्हणजे तेच वाक्य, तोच आवाज, पण ओठ हलत असते तर नियमभंग, आणि ओठ नाहीत म्हणून चालतंय. फॅक्टचेकचं लेबल लागू शकतं, पण लेबल लागेपर्यंत ते शेअर होऊन टेलिग्रामवर आणि लोकांच्या खाजगी ग्रुपवर गेलेलं असतं, तिथे कोण लेबल लावणार. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये मेटाच्याच ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे कंपनीचे पोस्टबद्दलचे निर्णय तपासणाऱ्या मंडळाने, बायडन यांच्या एका वेगळ्या व्हिडिओच्या प्रकरणात, हा नियमच विसंगत आहे असं सुनावलं, आणि एप्रिलमध्ये मेटाने जाहीर केलं की आता ऑडिओ, फोटो सगळ्यालाच एआयची लेबलं लावू. स्लोव्हाकियाची मतं मोजून सहा महिने झाले होते.

अजून एक, युरोपियन युनियनचा डिजिटल सर्व्हिसेस अॅक्ट, म्हणजे ऑनलाइन कंपन्यांना घातक मजकूर आवरायला लावणारा कायदा, मोठ्या प्लॅटफॉर्मना ऑगस्ट २०२३ च्या शेवटी लागू झाला आणि त्यानंतर युनियनमधली पहिलीच राष्ट्रीय निवडणूक ही. ब्रसेल्समधले युनियनचे लोक आधीपासूनच याकडे परीक्षा म्हणून बघत होते. पेपर फुटला तो असा.

ऑडिओच का, यावर जरा थांबतो कारण फिल्मवाल्यांना हे कळणं गरजेचं आहे. व्हिडिओत चुका दिसतात, दात विचित्र, पापण्या लवत नाहीत, हनुवटीची कड थरथरते. आवाजात तसं काही पकडायला नसतं, आणि जे असतं ते झाकायला खराब क्वालिटी पुरते. चोरून रेकॉर्ड केलेल्या फोनवरच्या गप्पा कशा असतात? खरखर, मागे गुणगुण, एखादा शब्द गिळलेला. म्हणजे बनावट आवाजाचे जे दोष तेच चोरून केलेल्या रेकॉर्डिंगचे गुण. खराब असणं हाच पुरावा होतो. त्यात नेत्याचा आवाज शिकवायला कच्चा माल म्हणाल तर मुलाखती, सभा, पॉडकास्ट, तासन्‌तास पडलेत, फुकट. टोडोवा पण मुलाखती देणारी, कॅमेऱ्यासमोर बोलणारी बाई.

आणि विषयाची निवड बघा. रोमा वस्त्यांमध्ये मतं विकत घेतात हा आरोप तिथल्या निवडणुकांत जुना आहे, अधूनमधून प्रकरणं बाहेर येतात, लोकांच्या डोक्यात तो साचा तयार आहे. खोटं बोलणाऱ्याने नवीन काही सांगितलंच नाही, लोकांना जे आधीच वाटत होतं त्यात फक्त दोन नावं बसवली. एका राजकारण्याचं आणि एका पत्रकाराचं, म्हणजे "हे सगळे एकमेकांना मिळालेले असतात" हे दुसरं जुनं वाटणं पण फुकटात पूर्ण.

हा एकटाच ऑडिओ नव्हता म्हणा. अजून एक फिरत होता ज्यात शिमेच्का बिअरचे भाव वाढवायचं म्हणतोय. स्लोव्हाकियात बिअर महाग करणार म्हणणं म्हणजे काय, ते समजावून सांगायला नको. त्यात हसण्यासारखं आहे, आणि मला वाटतं फिल्मची सुरुवात तिथून करावी, कारण लोक पहिलं खोटं हसत हसतच फॉरवर्ड करतात, नंतरच्याला मग दार उघडंच असतं. एका कडव्या उजव्या पक्षाच्या क्लिपमध्ये शिमेच्का आणि राष्ट्राध्यक्षा चापुतोवा यांच्यासारखे बनावट आवाज वापरले होते, खुलासाही दिला होता, पण वीसेक सेकंदांच्या क्लिपमध्ये तो पंधराव्या सेकंदाला. पंधरा सेकंद कोण थांबतं हो? म्हटलं तर कायदेशीर, आणि म्हटलं तर शुद्ध चावटपणा.

आता निकाल. स्मेर २२.९४ टक्के, प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया १७.९६ टक्के. जवळपास पाच टक्क्यांचा फरक, मतदान ६८ टक्क्यांच्या वर. १५० जागांच्या संसदेत स्मेरला ४२, मग पेलेग्रिनीच्या ह्लास पक्षाला आणि राष्ट्रवाद्यांना सोबत घेऊन ७९ जमवल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी फित्सो पुन्हा पंतप्रधान.

आणि इथून या प्रकरणाचं दुसरं आयुष्य सुरू झालं, जे मला पहिल्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. जगभर हेडलाइनी लागल्या की बघा, डीपफेकने, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या आवाजाने, पहिली निवडणूक फिरवली. परिषदांमध्ये, रिपोर्टांमध्ये, भाषणांमध्ये स्लोव्हाकियाचं नाव. मी पण सुरुवातीला तेच धरून चाललो होतो, मैत्रिणीला पहिल्या फोनवर तेच सांगितलं, एका ऑडिओने सरकार आणलं वगैरे. आणि ती खूश, कारण तिला तिचा एंटर परत मिळाला.

मग नीट बसून बघितलं तर हे काही टिकेना.

लोक पुरावा म्हणून काय सांगतात तर मतदानाच्या रात्री दोन एक्झिट पोल आले होते आणि दोन्हींत प्रोग्रेसिव्ह पुढे होता, आणि सकाळी बघतो तर स्मेर पाच टक्क्यांनी पुढे. मधे काहीतरी झालं! अरे पण एक्झिट पोल म्हणजे काय, मत टाकून बाहेर आलेल्या माणसाला विचारणं. त्या माणसाने ऑडिओ ऐकायचा असेल तर तो आधीच ऐकलाय, त्याचा जो परिणाम व्हायचा तो मतपत्रिकेवर झालाय. एक्झिट पोल आणि निकाल यात फरक पडला तर चूक पोलची, स्मेरला मत देणारे विचारल्यावर उत्तर द्यायला टाळत असतील किंवा नमुनाच वाकडा असेल, ऑडिओचा त्याच्याशी संबंध लावताच येत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी स्वतःवरच जरा चिडलो, कारण हे इतकं साधं आहे आणि मी दोन दिवस छाती ठोकून उलटं सांगत होतो.

बाकी कारणं म्हणाल तर ढिगाने आहेत. आधीच्या सरकारातली भांडणं, महागाई, युद्धाला कंटाळलेले लोक, गावाकडे स्मेरची पक्की पकड, वर्षानुवर्षं संस्थांवरचा उडालेला विश्वास. हार्वर्डच्या मिसइन्फर्मेशन रिव्ह्यूमध्ये २०२४ मध्ये याच केसवर लेख आला होता, त्याचाही सूर हाच की डीपफेकचा गवगवा जास्त झाला आणि मूळ जमीन आधीच भुसभुशीत होती हे राहून गेलं. दीड लाखाच्या आसपास मतांचा फरक एका क्लिपच्या नावावर टाकायचा तर किती जणांनी ऐकली, त्यातल्या किती जणांना खरी वाटली, आणि त्यातल्या किती जणांनी मत बदललं हे तिन्ही हातात पाहिजे. त्यातलं पहिलंसुद्धा धड हातात नाही.

म्हणजे ऑडिओ फुसका होता का? तसंही नाही. इथे मला वाटतं आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. क्लिपचं काम कोणाचं मत इकडून तिकडे वळवणं एवढंच नसतं. कोणी तरी शनिवारी सकाळी उठतो, त्याला जायचं तर आहे, पण डोक्यात एक बारीक कुसळ, की खरंच असेल का, आणि नसेल तरी हे लोक असं करत नसतील असं थोडंच आहे. तो मत तेच देतो, पण निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. शिमेच्का जिंकला असता तर हीच क्लिप "बघा आम्ही म्हणत होतो" म्हणून परत बाहेर आली असती, यावर मी पैज लावायला तयार आहे. जो हरला त्याची क्लिप म्हणून आपल्याला ती संपलेली वाटते इतकंच.

मैत्रीण म्हणाली, हे सगळं ठीक आहे पण मला माणूस पाहिजे, चेहरा पाहिजे, कोणीतरी बनवणारा पाहिजे. म्हटलं मग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याची घे. २१ जानेवारी २०२४, तिथल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या, दोन दिवस आधी (परत दोनच दिवस!) हजारो लोकांना फोन गेले, बायडन यांच्या आवाजात, की मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी जपून ठेवा. करवून घेणारा स्टीव्ह क्रेमर नावाचा राजकीय सल्लागार, त्याने नंतर कबूल केलं. आणि आवाज बनवणारा कोण तर न्यू ऑर्लिन्सचा एक जादूगार, टोपीतून काहीतरी काढणारा खराखुरा जादूगार, त्याने पत्रकारांना सांगितलं की वीस मिनिटांच्या आत झालं, खर्च एक डॉलर, मला मिळाले १५० डॉलर. हे कोणी स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं की जरा अति होतंय. क्रेमरला केंद्राच्या संचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ६० लाख डॉलरचा दंड ठोकला, पण न्यू हॅम्पशायरमधल्या फौजदारी खटल्यात जून २०२५ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. आणि बायडन? त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं, लोकांनी हाताने लिहून त्यांना जिंकवलं.

मैत्रिणीचे डोळे चमकले, जादूगार म्हटल्यावर कोणाचे नाही चमकणार. पण मी म्हटलं बघ, तिथे करणारा सापडला, किंमत सापडली, उद्देश सापडला, आणि परिणाम तर काहीच झाला नाही. तुझी फिल्म तिथे घेतलीस तर प्रेक्षक हायसं वाटून उठेल, चोर पकडला, चला घरी. स्लोव्हाकियात बोट दाखवायला सगळे होते, पण फिल्ममध्ये तू एक चेहरा दाखवलास की उरलेले सगळे सुटले. फॉरवर्ड करणारे, नियमात ओठ शोधत बसलेले, दोन दिवस गप्प बसणारे, सगळे.

तर आता तिचा नवा ड्राफ्ट असा आहे की सगळी फिल्म त्या ४८ तासांतच, एका छोट्या पेपरच्या ऑफिसमध्ये. देश सांगितलेला नाही, नावं काल्पनिक. संपादक बाईंकडे क्लिप येते ज्यात तिच्याच रिपोर्टरचा आवाज आहे. खोटी आहे हे तिला पहिल्या मिनिटालाच कळतं, तपास वगैरे सस्पेन्स नाहीच. प्रश्न फक्त एवढाच की छापायचं का. छापलं तर ज्यांनी ऐकली नाही त्यांनाही आपणच ऐकवली, नाही छापलं तर गप्प बसून कबूल केल्यासारखं. कायदेशीर सल्लागार फोनवर, रिपोर्टर समोर बसून स्वतःच्याच आवाजात स्वतः न बोललेलं परत परत ऐकतेय. तो सीन मला फार आवडला, ती एका ठिकाणी क्लिप थांबवून म्हणते, "मी 'म्हणजे' असं इतक्यांदा म्हणते का खरंच?" बस. रडारड नाही, भाषण नाही.

शेवटाबद्दल आमचं अजून भांडण चालू आहे. तिला मतदानाच्या रांगेतला सीन पाहिजे, दोन बायका, एक म्हणते खोटी आहे गं ती क्लिप, दुसरी म्हणते "माहितीये गं, पण करतातच ना ते." माझं म्हणणं हा डायलॉग चांगला आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते, कारण तो प्रेक्षकाला परत सांगतो की क्लिपने काम केलं, आणि ते आपल्याला माहीत नाही. ती म्हणते फिल्म आहे, रिपोर्ट नाही. बरोबर आहे तिचं, पण माझंही चुकीचं नाही.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. फिल्मसाठी ती बनावट क्लिप आम्हालाच बनवावी लागली. एआय वापरायचं नाही असं ठरलं, दोन नट घेऊन रेकॉर्ड केली. पहिली इतकी स्वच्छ आली की रेडिओवरचं नाटक वाटत होतं. साउंडवाला दादा म्हणाला थांबा, त्याने ती एका फोनच्या स्पीकरवर वाजवली, फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, दुसऱ्या फोनने रेकॉर्ड केली, वर पंख्याची घरघर घातली, आणि दोन ठिकाणी वाक्य अर्धं तोडलं. ऐकल्यावर खोलीतले सगळे दोन सेकंद गप्प. समोर बसून बनवलेली, नट शेजारी चहा पितायत, आणि तरी अंगावर काटा.

दादाने ती युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, फायनल म्हणून. अर्ध्या तासाने मेकअपवालीच्या भावाचा तिला मेसेज, तो काही ग्रुपमध्ये नाही, त्याच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. लिहिलं होतं, "हा कुठल्या पक्षाचा आहे गं? आवाज ओळखीचा वाटतोय."